बाबांच्या कोटाचं फिटिंग

माझं काम सांगितलं की लोक हसतात. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात एका ऑफिसात बसून मी कम्प्युटर गेममधल्या पुरुषांना कपडे घालते. हात वर केला की काखेतून कातडी बाहेर डोकावते, खाली बसला की ढेरी बटणांमधून बाहेर येते. ते सगळं नीट बसवायचं. डोकं फोडूनही बसलं नाहीच, तर एक सोपा उपाय असतो: कोटाखाली झाकलेलं अंग पुसूनच टाकायचं. चेहरा, मान आणि पंजे ठेवायचे, आत काही नाही. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. जन्मभर कार्डिफच्या हॉस्पिटलात सर्जरी केलेला माणूस. ऑपरेशन सक्सेसफुल आणि पेशंट गायब, म्हणाले.

मग त्यांनाच कॅन्सर झाला. आई आणि मी सोडून कुणाला कळता कामा नये, असा हट्ट. मला भयंकर राग यायचा. असल्या बातम्या लोकांना तोंडावर सांगत आलेल्या माणसानं स्वतःची मात्र लपवायची? पण त्यांना कुणाच्या डोळ्यांत कीव बघायची नव्हती, बस्स. त्यात बर्मिंगहॅमला जुन्या मित्राची पंचाहत्तरी आली. जायचंच, तेही राखाडी कोट घालून. आणि कोट तर अंगावर नुसता लोंबत होता. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"एवढ्या पुरुषांचं फिटिंग करतेस," म्हणाले, "एकदा माझं कर."

कोट उसवून लहान करायला आईनं साफ नकार दिला. बरे झाले की परत लागेल, म्हणाली. मग मी कामावर करते त्याच्या बरोबर उलट केलं. कोट तसाच ठेवला आणि आत अंग भरलं. थर्मल, त्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा, खांद्यांत आईच्या जुन्या जॅकेटची पॅड्स. पंचाहत्तरीच्या हॉलमध्ये बाबा घामाघूम झाले, पण यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, अहो, तुमची तब्येत आमच्यापेक्षा झकास आहे. बाबा लग्नातल्या नवरदेवासारखे फुलले.

परतताना गाडीतच मी त्यांचे स्वेटर काढले. आतली हाडं हाताला लागली आणि मला रडू आवरेना. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

थंडी संपता संपता बाबा गेले. इथे अंत्यविधीला बरेच दिवस लागतात, आणि शेवटचं दर्शन शवपेटीत, कपडे घालून. आईनं राखाडी कोटाला इस्त्री केली, पिशवीत ठेवला आणि वर ते दोन्ही स्वेटर घडी करून ठेवले. मी म्हटलं, आई, आता कशाला?

"अगं, सगळे बघायला येणार," ती म्हणाली. "ह्यांना आवडायचं नाही."

मी पिशवी घेऊन अंत्यविधीवाल्यांकडे गेले. तिथल्या बाईंनी एकेक कपडा बाहेर काढला. स्वेटर बघून त्या थबकल्या आणि हळूच विचारलं, तुमच्या वडिलांना थंडी फार वाजायची का?

मी म्हटलं, हो. फार.