माजघरातला चौथा

शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी कुलपं ओढून बघण्यात गेली असतील. प्रश्नपत्रिकांचं कपाट, दाखल्यांचं कपाट, प्रयोगशाळेचं दार, सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला. कुलूप लावलं की तीनदा ओढायचं, ही माझी सवय. शिपाई हसायचे आणि मी त्यांच्यावर डाफरायचो. असा मी कुलपाचा माणूस, आणि माझ्याच घराचं एक दार दोन वर्षं सताड उघडं होतं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी आधी तिच्यावरच चिडलो.

दार म्हणजे वायफायचं.

आमच्या जळकोटात इंटरनेटची वायर आली, तसा केबलवाला एक पांढरा डबा घेऊन आमच्याकडं आला. टीव्हीच्या वर खिळा ठोकून त्यानं तो टांगला, हिरवे दिवे लागले. घरात नवी वस्तू सुरू झाली की आपोआप माझे हात जुळतात आणि तोंडातून निघतं, "आई राजा उदो उदो!" मिक्सर आला तेव्हाही निघालं होतं. त्याच क्षणी केबलवाला विचारत होता, "काका, पासवर्ड काय ठेवू?" त्याला वाटलं, मी उत्तरच दिलं. त्यानं ते इंग्रजी अक्षरांत टाकून दिलं आणि म्हणाला, "हाच पासवर्ड ठेवलेलं तुमच्या गल्लीतलं हे सहावं घर, काका."

मला तर बरंच वाटलं. देवीच्या नावानं घरात इंटरनेट आलं, आणखी काय पाहिजे? पण तुळजापूर तालुक्यात हा पासवर्ड ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवणं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. वर घरी कुणीही आलं की पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि मागोमाग मीच विचारायचो, "वायफाय जोडलं का? न्हाय? अहो, उदो उदो टाका की!" पाहुणा खूश, मी त्याहून खूश.

लेक पुण्याच्या एका कंपनीत कामाला. दवाखान्यांतल्या रोग्यांच्या नोंदी सांभाळायच्या, असं तिचं काम. गेल्या वर्षी हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा लेक महिनाभरासाठी आली आणि घरूनच काम करू लागली. महिन्याचे दहा महिने झाले. सकाळी नऊला ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, तिचं ते भराभरा इंग्रजी बाहेर ऐकू यायचं, आणि आम्ही दोघं उगाचच हळू आवाजात बोलायचो. घर भरल्यासारखं वाटत होतं. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडं बापानं असलं बोलायची पद्धत नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वायफायची तपासणी होणार. पुढच्या शुक्रवारी व्हिडिओवर सगळं दाखवायचं. ओळख न पटलेलं एकही यंत्र जोडलेलं सापडलं, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. रोग्यांच्या नोंदी आहेत, त्यात कुणी न दिसणारा माणूस डोकावता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं, त्यामुळं मला रागही धड येईना.

लेकीनं डब्याची यादी लॅपटॉपवर काढली. तिचा लॅपटॉप, तिचा फोन, माझा फोन. हिच्याकडं बटनाचा फोन, त्याला वायफायशी देणंघेणं नाही. म्हणजे तीन असायला हवे होते. निघाले चौदा.

"बाबा, हे अकरा कोण?"

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एक समोरच्या किराणा दुकानातला, एक त्याच्या सुनेचा, एक चक्क शेजाऱ्याचा टीव्ही. आमच्या वायफायवर त्याची रोज कुस्ती चालायची आणि मला वाटायचं, माणूस फार हौशी आहे.

"तुम्ही किती जणांना सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? देवीचं नाव हाय, सगळ्यांलाच ठावं हाय."

तिनं कपाळाला हात लावला. त्याच दुपारी पासवर्ड बदलला. नवा म्हणजे नुसती काटेरी बाभळ, एक अक्षर वर, एक खाली, मध्येच आकडे. माझ्या ध्यानात राहायचा नाही म्हणून मी तो कागदावर उतरवला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. शाळेत किल्ल्यांचे नंबर मी असेच ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किराणावाले हजर. पायरीवर बसले, पाणी प्यायले, चहा प्यायले. मग जड आवाजात म्हणाले, "गुरुजी, आमचं काय चुकलं का?" मी लिपिक, गुरुजी कधीच नव्हतो, पण शाळेतल्या सगळ्यांनाच ते गुरुजी म्हणतात. पाठोपाठ शेजारी आला. तो नुसता डब्याकडं बघत बसला. आता या माणसांना काय सांगायचं? इंटरनेट देतो पण तुम्हाला नाही, हे मला म्हणवेना. पाणी नाकारल्यासारखं वाटत होतं.

लेकीनंच वाट काढली. म्हणाली, "बाबा, घरात पाहुणा कुठं बसतो?"

"ओसरीवर."

"आणि माजघरात?"

"माजघरात घरची माणसं."

"मग झालं तर." त्या एकाच डब्यातून तिनं दोन वायफाय केली. एकाचं नाव माजघर, दुसऱ्याचं ओसरी. ओसरीवरच्या माणसाला इंटरनेट मिळणार, पण आत काय चाललंय ते दिसणार नाही. ओसरीचा पासवर्ड तिनं पुन्हा उदो उदोच ठेवला. गल्लीत आनंदीआनंद झाला, शेजाऱ्याची कुस्ती पुन्हा सुरू झाली, आणि मी छाती काढून दोन दिवस फिरलो.

तिसऱ्या दिवशी लेक आतून म्हणाली, "बाबा, माजघरात चौथा शिरलाय."

यादीत खरंच चौथं नाव होतं. नाव म्हणजे नुसतं 'अँड्रॉइड' आणि पुढं आकड्यांची लांब शेपटी. दुपारी अडीचला आला, तीन वाजून पाच मिनिटांनी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीचला आला. लेकीनं पासवर्ड बदलला, मी कागद बदलला. पुढच्या दुपारी तो पुन्हा आत.

"त्याला अडवता येत न्हाय का?" मी विचारलं.

"हा एक फोन अडवीन. पण त्याला पासवर्ड मिळतोय कुठून? उद्या दुसऱ्या फोनवरून येईल. शुक्रवारी त्यांना काय सांगू?" आणि मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाला सांगितलं तर नाही ना?"

हे मात्र मला लागलं. "देवीची शपथ!" मी ओरडलो. "एकतीस वर्षांत एक प्रश्नपत्रिका फुटली न्हाय माझ्या हातनं!" तीही चिडली, मीही चिडलो, आणि ही मध्ये पडायची सोडून मुकाट्यानं शेंगा फोडत बसली. एरवी आमच्या भांडणात हिचं तोंड सगळ्यात आधी उघडतं. त्या दिवशी उघडलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बुधवारी मी दुपारची झोप सोडली. दोनलाच घराभोवती फेऱ्या मारायला लागलो. मागच्या लिंबाखाली एक मेंढपाळ मेंढरं बसवून सावलीला टेकला होता. मांडीवर हात, हातात काहीतरी. मी दबक्या पावलांनी गेलो आणि एकदम पुढं उभा राहिलो.

"काय बघायलाव फोनमदी?"

तो दचकला. हातातली भाकरी दाखवत म्हणाला, "जेवायलोय की, मालक." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. बटनाचा, दोऱ्यानं बांधलेला. "ह्यात काय दिसतंय, बघा तुमीच." मी वरमलो. बसा, जेवा, असं काहीबाही म्हणून परत फिरलो, तर मागून तो म्हणाला, "मालक, पानी मिळंल का तांब्याभर?" पाणी मीच नेऊन दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "काय हरवलंय का?" काय सांगणार? न दिसणारा माणूस शोधतोय म्हणालो असतो, तर त्यानं मेंढरं घेऊन धूम ठोकली असती.

गुरुवारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दुपारी, अडीचला लेकीनं मला आत बोलावलं. यादीतल्या चौथ्या नावापुढच्या रेघांवर तिनं बोट ठेवलं. "सिग्नल बघा. इतका भरपूर सिग्नल बाहेर लिंबाखाली मिळतच नाही. बाबा, हा माणूस घरात आहे."

घरात माणसं तीनच. आम्ही दोघं इथं, आणि तिसरी...

स्वयंपाकघराच्या मागं आमची धान्याची खोली आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. ज्वारीच्या पोत्यावर ही बसली होती, ऑपरेशनचा पाय लांब करून. समोर कणगीला टेकवून ठेवलेला माझा जुना फोन. कोपरा फुटलेला, तोच. दिवाळीच्या आधी भंगारवाल्याला देऊन प्लास्टिकचा टब घेतला, असं हिनं मला सांगितलं होतं. टब तर मोरीत होता, म्हणून मीही विश्वास ठेवला. फोनच्या काचेवर नुसतं एक कपाळ आणि मोठं कुंकू दिसत होतं, आणि त्या कपाळातून वाशीच्या माझ्या मेव्हणीचा आवाज येत होता, "आगं, तुजंबी नुस्तं कपाळच दिसायलंय!"

"आणि ते हिरवं दाबलं की मला बी लावता येतोय व्हय फोन?" ही विचारत होती. "न्हाय, शिकून ठिवते, तपासणीला हा फोन बंदच ठिवीन. शुक्रवारी काय बी हुईल. पोरगी गेली पुण्याला, तर निस्ता आवाज ऐकून न्हाय भागायचं मला. दहा म्हैने डोळ्याम्होरं होती."

लेक दारातच थांबली. मीही थांबलो. मग पोत्याचा आवाज झाला, हिनं मागं वळून पाहिलं आणि फोन पदराखाली घेतला.

"पासवर्ड कुठनं मिळाला तुला?" मी विचारलं.

"कपाटाच्या दारावर हाय की. तुमच्याच अक्षरात. ओसरी पावण्यांची, माजघर घरच्यांचं, तुमीच म्हणला न्हवं."

"पण ते इंग्रजी..."

"एक एक अक्षर बघून काढलं. आदी कागदावर, मग फोनात. पैल्या दिवशी पाऊण तास लागला. आता लवकर हुतंय."

"मग मला सांगायचं ना!"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी हसला असता."

मी हसलोच असतो. टीव्हीचा रिमोट हिच्या हातात आला की, "बघ, आता भूकंपाच्या बातम्या लागतील," असं मी चारचौघांत म्हणतो. बटनाचा फोन उलटा धरला म्हणून एकदा पाहुण्यांसमोर हसलो होतो. सगळ्या गल्लीला हाका मारमारून मी वायफाय वाटत होतो, आणि घरातल्या एकाच माणसाला विचारलं नाही की तुला हवंय का. मला लाज वाटली, साधी आणि सरळ. एकतीस वर्षं मी चोर बाहेरून येणार म्हणून कुलपं ओढत होतो, आणि इथं माझ्या बायकोला स्वतःच्याच घरात चोरून शिरावं लागलं.

लेकीनं आईच्या गळ्यात हात टाकले. दोघी रडल्या, मग हसल्या. पदराखालून मेव्हणी ओरडत होती, "आगं, अंधार का झाला?"

शुक्रवारी तपासणी झाली. कंपनीच्या बाईंनी यादी वाचली. चौथ्या नावाच्या जागी आता 'आई' असं लिहिलं होतं. त्याची तीन इंग्रजी अक्षरं हिनं स्वतः, एका बोटानं टाकली होती. बाईंना ते आवडलं, असं लेक म्हणाली. पण नियम तो नियम. कामाचा लॅपटॉप ज्या वायफायवर आहे, त्यावर दुसरं कुणीच नको. आई नको, बाबा नकोत, लेकीचा स्वतःचा फोनसुद्धा नको. तेवढं केलं की घरून काम करायला हरकत नाही.

लेकीनं तिथल्या तिथं आम्हाला बाहेर काढलं. माजघरात एकटा लॅपटॉप राहिला, आणि आम्ही किराणावाले, त्यांची सून, शेजाऱ्याची कुस्ती यांच्यासोबत ओसरीवर आलो.

"लेक पाहुनी असती म्हणतेत," ही म्हणाली. "हितं तर लेकीनं आपल्यालाच ओसरीवर बशिवलं."

"बसू की," मी म्हणालो. "ती आत हाय न्हवं."

हे मी बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं.

त्या संध्याकाळी चहा उकळल्यावर हिनं लेकीला हाक मारली नाही. जुना फोन काढला, चहाच्या डब्याला टेकवला आणि हिरवं बटन स्वतः दाबलं. भिंतीपलीकडं लेकीचा फोन वाजला. तिनं उचलला. इकडं काचेच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात हिचं नुसतं कपाळ दिसत होतं. माझ्या जिभेवर नेहमीची थट्टा आली होती. ती मी गिळली, वाकलो आणि हिचा सगळा चेहरा दिसेल असा फोन थोडा तिरका केला.

"चहा झालाय," ही काचेला म्हणाली. "ये."