एकांडा आकडा

आमच्या आतोबांइतका आकड्यांचा जिव्हाळा अख्ख्या पुण्यात कुणाला नव्हता. आत्याचे हे यजमान पोटासाठी पंचांग करायचे, पण श्रीमंतांच्या वाड्यातून मुहूर्ताला बोलावणं आलं तरी धूळपाटीवरून नजर न उचलता म्हणायचे, "मुहूर्ताला म्हणावं, जरा थांब." आकड्यांची त्यांनी माणसांसारखी वर्गवारी केली होती. बारा गोतावळ्याचा, दोन, तीन, चार, सहा, कुणालाही घरात घेतो. तेरा एकांडा, एकाखेरीज आणि स्वतःखेरीज कुणाचा भाग जाऊ देत नाही. आत्यानं तेरा अनारसे तळले, तर एक उभ्याउभ्या तोंडात टाकून म्हणाले, "बिचारा एकटा पडला होता." एकांड्यांवर त्यांची माया जास्त. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता.

आत्याला मला दत्तक घ्यायचं होतं. मी विशीला टेकलेला, त्यांच्याकडेच गणित शिकत होतो. माझे वडीलही तयार होते. आतोबा ना हो म्हणत, ना नाही. आत्या हटून बसली तेव्हा म्हणाले, "दहा लक्ष एक हा आकडा मला माझ्यासारखाच एकांडा वाटतो. त्याला वाटेकरी निघाला तर ह्याला मांडीवर घेतो. नाही निघाला तर देवानं लिहिलंय ते राहू द्यावं." आत्या म्हणाली, "काढा बाई एकदाचा तो वाटेकरी." मीही मनातून वाट बघत होतो. मला ते घर नको होतं, ते हवे होते.

हजार गुणिले हजार म्हणजेच दहा लक्ष, तेव्हा हजाराच्या आत भाजक सापडला नाही, तर पुढे शोधायचं कारण नव्हतं. आतोबा रोज पाटीवर धूळ पसरून काडीनं एकेका एकांड्याचा भाग घालून बघायचे. एका दुपारी आत्यानं हाक मारली, "अहो, पान वाढलंय."

"एकशे एकावर आहे."

"एकशे एक कुठं पळून जात नाही. वरण गार होतंय."

उठले बिचारे. जेवण होईतो मांजर पाटीवरून हिंडून गेलं. आतोबांनी त्याला चार शब्द सुनावले, धूळ सारखी केली आणि एकशे तीनाचा भाग घालायला बसले. त्यांचा भागाकार तपासायची कुणाची छाती होती? हजारापर्यंत गेले, एकाचाही भाग निःशेष जाईना. "एकांडाच," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता अंगणात गेले. दत्तकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते गेले तेव्हा ओंकारेश्वराच्या घाटावर अग्नी मीच दिला, भाचा म्हणून. दिवसकार्य उरकल्यावर त्यांची पाटी पुढ्यात घेतली. ती दुपार आठवली म्हणून एकशे एकानं भाग घातला. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. फार वाईट वाटलं. त्या दिवशी वरण गार झालं असतं, तर मी त्यांना बाबा म्हटलं असतं.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "तोच का रे तो आकडा? तुटला नाही ना?"

मी धुळीवरून तळहात फिरवला. "नाही, आत्या."

"मग त्यांचं बरोबरच होतं," ती म्हणाली आणि माझं पान वाढायला आत गेली.