बारा वर्षांचा कबजा

वकिलाच्या कचेरीत दप्तरं साठतात तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की दप्तरांना वाळवी लागते! इंग्रजांच्या काळात मी नंदुरबारला अण्णा वकिलांचा कारकून होतो. बहुतेक दावे जमिनीचे, आणि त्यांत एकच मंत्र: दुसऱ्याची जमीन बारा वर्षं उघडपणे, आपलीच म्हणून कसली, की मूळ मालकाचा हक्क बुडाला. त्या नोकरीनं मला पोटापुरतं दिलं, पण माणसं पोटभर दिली!

* * *

एका दाव्यात म्हाताऱ्या साक्षीदाराला मुन्सफांनी विचारलं, "बाबा, वावर कोणाच्या कबजात आहे?"

म्हातारा हात जोडून अहिराणीत म्हणाला, "साहेब, कबजा तं रानडुकरेसना शे! बारा वरीसबी व्हई गयात!"

* * *

बार रूममध्ये अण्णांची एक वेताची खुर्ची होती. नेहमी समोरच्या पार्टीकडून उभे राहणारे एक वकील रोज तीच पकडायचे. एकदा म्हणाले, "अण्णा, बारा वर्षं झाली. आता खुर्ची माझी!"

अण्णा पान लावत म्हणाले, "छे हो! मी रोज 'बसा, बसा' म्हणत आलोय. परवानगीनं बसणाऱ्याचा कबजा होत नाही!"

मला कायदा पुस्तकातून कधी कळला नाही. त्या खुर्चीनं शिकवला.

* * *

तळोद्याकडची एक भिल्ल बाई आली. वावर बापाचं, पण दुसऱ्यानं त्यावर दावा लावलेला आणि तिच्याकडे कागद एकही नाही. कोर्टात दुभाष्यामार्फत तिनं एवढंच सांगितलं, "बांधावर माझ्या मेलेल्या बापाचा दगड उभा आहे. परक्याच्या रानात कोणी बापाचा दगड उभा करील का?"

समोरचे वकील हसले, "दगड म्हणजे काय पुरावा?"

अण्णा ताडकन उठले. "सरकारनं मोजणी करून रोवला तो दगड पुरावा, आणि लेकीनं रडून रोवला तो नाही?"

मुन्सफ स्वतः बैलगाडीनं जाऊन दगड बघून आले. वावर बाईचं ठरलं. ती अण्णांच्या पाया पडायला वाकली, तर अण्णाच दोन पावलं मागे सरले.

* * *

मी अण्णांच्याच परसातल्या खोलीत राहायचो, फुकट. अकरावं वर्ष सरत आलं तसा खुर्चीचा धडा विसरून मी घाबरलो. म्हटलं, "अण्णा, भाडेचिठ्ठी लिहून देतो. उगाच माझा कबजा व्हायचा!"

"लाव की दावा," अण्णा म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकून मला हरवलंस, तर पेढे वाटीन!"

* * *

आणि कोरीटचा दगडू. थोरला भाऊ परमुलखात वारला, वहिनी खांडबाऱ्याला माहेरी गेली. भावाचा हिस्सा दगडूनंच चौदा वर्षं कसला. वहिनीनं हिस्सा मागितला, तेव्हा द्यायला दगडू तयार होता, पण त्याची पोरं अडून बसली. त्यांनीच त्याला अण्णांकडे आणलं. अण्णांनी बजावलं, "विचारलं तर एकच सांगायचं, जमीन माझी!"

पिंजऱ्यात समोरच्या वकिलांनी विचारलं, "भावाचा हिस्सा कोणाचा समजून कसलास?"

"मन्हा!"

आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

"मग दरसाल वहिनीला ज्वारीचं पोतं का धाडत होतास?"

दगडू गोंधळला. त्यानं अण्णांकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पदर सावरून उभ्या असलेल्या वहिनीकडे.

"तिन्हा वावरनी जवारी शे, साहेब. तिलेच धाडसू ना!"

झालं! दावा तिथंच संपला. पोरं रागारागानं निघून गेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दगडू ताज्या मिरच्यांची टोपली घेऊन कचेरीत आला. अण्णा कानकोंडे झाले. "अरे दगडू, मी तर तुझा दावा हरलो!"

दगडूनं टोपली खाली ठेवली, पागोटं काढलं, घाम पुसला.

"तुम्ही हारनात अण्णासाहेब," तो म्हणाला, "पन मी सुटनू!"