११४३ नंबरचा ठोकळा

प्रेमिलाताई आपल्या मशीनला कुणाचं बोट लागू देत नसे. नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत तिनं सव्वीस वर्षं एकच काम केलं. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे आणि रंगवायचे. नवीन पोरं जवळ आली की ती डाफरायची, "लांबून पाहा गा! तुमच्या बापानं घेतली काय मशीन?" मोठमोठे डॉक्टरही तिला वचकून असत, कारण कामात खोट काढायला जागा नव्हती.

कपाटातल्या मेणाच्या हजारो ठोकळ्यांपैकी एक मात्र तिनं जिवापाड जपला होता. नंबर ११४३. तो तिच्या धाकट्या भावाच्या, जितेंद्रच्या हृदयाचा होता.

जितेंद्र वाडीच्या एका ट्रान्सपोर्टचा ट्रक चालवायचा. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी, अगदी सरळ रस्त्यावर, त्याचा ट्रक झाडावर जाऊन आदळला. शवविच्छेदनातला तुकडा फिरत फिरत बहिणीच्याच टेबलावर आला आणि तिनं मन घट्ट करून तो स्वतः कापला. रिपोर्ट आला, हृदय निरोगी. तेव्हापासून नवा रंग तपासायचा असला की तुलनेसाठी शेजारी 'नॉर्मल', म्हणजे कंट्रोल, म्हणून हाच काप लावायची रीत पडली. अपघातात गेलेला छत्तीस वर्षांचा गडी, त्याचं हृदय ठणठणीतच असणार! तो कुणाचा, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वेडी म्हणा हवं तर, पण तेवढीच भावाची भेट व्हायची.

त्याला मारलं कुणी, हे तिनं तेरवीलाच ठरवून टाकलं होतं. शेवटच्या घडीला जितेंद्र बायकोशी फोनवर बोलत होता. दामिनी रडत रडत सांगत होती, "बोलता बोलता ते एकदम चूप झाले, ताई. मंग मोठ्ठा आवाज आला." प्रेमिलानं भरल्या घरात तिच्यावर बोट रोखलं. "तुह्या फोननं माह्या भावाले खाल्लं!"

त्या दिवसापासून दामिनीनं फोन कानाला लावला नाही. दोघींचं बोलणं तुटलं. जितेंद्रची पोर अपेक्षा तेवढी आत्याकडे येत-जात राहिली.

यंदा डॉक्टर पुष्करांनी एक नवी अँटिबॉडी मागवली. ऐन तरुणपणी अचानक गेलेल्यांच्या हृदयांचा त्यांचा अभ्यास चालला होता. हृदयाच्या पेशींना प्रोटीनची बारीक दारं असतात. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा कुठे हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. ही अँटिबॉडी नेमकी त्या दाराला जाऊन चिकटते आणि रंग टाकला की ती जागा तपकिरी दिसते. बाटली बोटाच्या पेराएवढी, त्यावर लिहिलेलं, 'फक्त संशोधनासाठी'. खोका वाडीच्या गोदामात दिवसभर अडकला तेव्हाच ताई कुरकुरली होती, "बर्फ वितळला असन तर झालं साऱ्याचं मातेरं."

सोमवारी सहा काचा रंगवल्या, पाच अभ्यासातल्या हृदयांच्या आणि शेजारी ११४३ची. पाचांवर कमी-जास्त रंग चढला. ११४३ कोरा राहिला.

"कंट्रोलच फेल गेला," पुष्कर म्हणाले. "ताई, दुसरा ब्लॉक घ्या."

दुसरा घेईल ती प्रेमिला कसली! मंगळवारी तिनं पुन्हा रंगवलं. कोराच. बुधवारी शेजारी अपघातातलीच आणखी दोन हृदयं लावली. ती दोन्ही झकास तपकिरी झाली, ११४३ कोरा. ठोकळा जुना झाला म्हणावं, तर दुसऱ्या प्रोटीनचा रंग त्याच्यावर छान चढला. गुरुवारी दुपारी ती पुष्करांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, हे दारच नसन तर काय होते?"

"ठोक्यांचा ताल बिघडतो. धावताना, पोहताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. माणूस बोलता बोलता जातो." त्यांनी मान वर केली. "पण एवढ्यावरून रिपोर्ट लिहिता येत नाही हं, ताई. घरच्यांचा ईसीजी लागेल, रक्ताची तपासणी लागेल."

"लेकरांत उतरते?"

"उतरू शकतं. पण हे कुणाचं आहे?"

प्रेमिला तोवर दाराबाहेर पडली होती. बोलता बोलता. दामिनीचेच शब्द. आणि अपेक्षा पोलीस भरतीसाठी रोज संध्याकाळी पाचला सक्करदऱ्याजवळच्या मैदानावर पळत होती. गेल्या महिन्यात पळता पळता चक्कर येऊन पडली, तेव्हा हीच आत्या गूळ-शेंगदाणे घेऊन गेली होती. "उपाशी पळते, मंग पडणार नाही तर काय!"

घड्याळात पावणेपाच झाले होते. तिनं अपेक्षाला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. ऑटोत बसून पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचललाच नाही. देवा, एवढ्या खेपेला सांभाळ रे, असं ती मोठ्यानं बोलली तसं ऑटोवाल्यानं वळून पाहिलं.

मैदानाच्या पायरीवर दामिनी लेकीची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. बॅगेत फोन वाजत होता.

"फोन काहून नाही उचलला वं?"

दामिनी उभी राहिली. सहा वर्षांनी नणंद बोलली ती अशी. "मी फोन उचलत नाही, ताई. तुम्हाले माहीत आहे."

अपेक्षा दुसऱ्या फेरीत होती, सगळ्या पोरींच्या पुढे. प्रेमिला सरळ ट्रॅकवर घुसली. एक चप्पल मागेच राहिली. तिनं दोन्ही हात पसरले आणि पोर येऊन तिच्यावर धडकली.

"आत्या! टायमिंग चालू आहे ना माह्यं!"

"खाली बस. आता एक पाऊल पळायचं नाही."

दामिनी धावत आली. प्रेमिलाला तिच्याकडे पाहवेना. "दामिनी, त्याले तुह्या फोननं नाही मारलं. त्याच्या हृदयातच खोट होती, असं दिसून राहिलं. ट्रक आपटायच्या आधीच गेला असन तो. मी खोटी पडली वं."

दामिनी तिच्या समोर येऊन उभी राहिली. "म्हणजे चूप झाले, तवाच?"

"हो."

"मी हॅलो हॅलो करून राहिली होती." तिचा आवाज फाटला. "आन् हे सहा वर्षं कुठं होतं, ताई?"

"माह्या कपाटात."

अपेक्षाला अजून धाप लागली होती. ती एकदा आईकडे, एकदा आत्याकडे पाहत होती. "आत्या, मले बी असन काय ते?"

प्रेमिलानं पोरीचं मनगट घट्ट धरलं आणि ती ठोके मोजत बसली.