शेवटून तिसरं गेट

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत जाधव सर सांगायचे, "आधी मोजा, मग बोला." त्यांच्यामुळेच मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो आणि आज जर्मनीतल्या येना शहरात एका कंपनीत लेन्स मोजायचं काम करतो. म्हणूनच हे लिहिताना जरा संकोच वाटतो...

आमच्या खालच्या मजल्यावर ब्रिगिटे आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्या आल्प्समध्ये स्कीच्या शर्यतीत उतरायच्या. उतारावर रोवलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटांमधून, वळणं घेत खाली यायचं असतं. एका शर्यतीत, शेवटून तिसऱ्या गेटपाशी पडल्या, गुडघा गेला — करिअर तिथेच संपलं. शर्यतीआधी स्कीपटू डोळे मिटून, हाताचा पंजा वळवत, सगळा उतार मनातल्या मनात उतरून बघतात. आजींची ती सवय सुटली नव्हती. दर रविवारी आम्ही खाली त्यांच्याकडे जायचो आणि कॉफी झाली की त्या किचन टेबलावर तोच उतार उतरायच्या. स्टॉपवॉच माझ्याकडे असायचं. आणि दर वेळी हात त्याच गेटपाशी अडायचा.

गेल्या जुलैतला रविवार. बत्तीस डिग्री, खिडक्या उघड्या. दुसऱ्या दिवशी आजींच्या त्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

"प्रशांत, भीती वाटते रे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "त्याआधी एकदा तरी खाली पोचायचंय."

"पोचा, पण माझा केक पाडू नका," माझी बायको सुजाता म्हणाली.

"पडायचं काम माझं, केकचं नाही!"

त्यांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं. हात डावीकडे, उजवीकडे... माझी सहा वर्षांची सई गेट मोजत होती, अर्थात जर्मनमध्ये. तिला मराठी कळतं, पण बोलत नाही. ते गेट आलं. हात अडला.

तेवढ्यात सई खुर्चीवर उभी राहून ओरडली — चक्क मराठीत! "आजी, पळ! पळ ना गं!"

आजींना मराठीचा एक शब्द येत नाही. पण हात सुटला! एक वळण, दुसरं, तिसरं... आणि दोन्ही हात वर! त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना. आम्ही सगळे टाळ्या वाजवत नाचत होतो.

"अहो, पिठीसाखर सांडलीत की हो," सुजाता म्हणाली.

पण केकवर पिठीसाखर नव्हतीच. टेबलावर वळणावळणाची पांढरी रेघ होती, बरोबर शेवटच्या तीन गेटांपुरती. मी बोट लावलं. गारेगार! बर्फ!

फ्रीझर उघडला तर आत नुसते वाटाणे. मी धावत वर जाऊन डबी आणली, उद्या लॅबमध्ये न्यायला. परत येतो तर सईने चिमटीभर तोंडात टाकलेला आणि उरलेला आजींनी!

"काल्ट!" सई हसत होती, म्हणजे गार!

"गेनाऊ, अगदी बरोबर," आजी म्हणाल्या. "तिथला असाच लागायचा."

ऑपरेशन छान झालं. आता आजी जिना चढून आमच्याकडे कॉफीला येतात.

जाधव सरांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"किती होता रे बर्फ?"

"सर, मोजायच्या आधीच संपला. आणि स्टॉपवॉच थांबवायचंही राहिलं..."

सर कितीतरी वेळ हसत होते.