न दुखणारी पाठ

परवा बाथरूममधलं कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात महानारायण तेलाची एक जुनी बाटली सापडली. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं, तरी तेल कडेने पाझरून लेबल चिकट झालं होतं. त्या उग्र, कडवट वासासरशी मला आठवलं काय, तर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावातल्या एका चर्चला लागून असलेली छोटी खोली! औषधी मुळ्यांचं तेल आणि येशूचा क्रूस यांचा काय संबंध, असं कुणीही विचारील. माझ्या डोक्यात मात्र त्यांची गाठ पक्की बसली आहे, आणि ती मीच एक थाप मारून बांधली आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी कारपार्कमध्ये गाडी लावली आणि मला उतरताच येईना. हातपाय ठणठणीत, पण दार उघडायचं म्हटलं की रडू कोसळे. चाळिशीचा बाप्या, मांडीवर स्टेथोस्कोप, आणि ढसाढसा रडतोय! जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, डिप्रेशन म्हणून सिक लीव्ह लिहून दिली, गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे खेप ठरली. डॉक्टर म्हणून मला हे सगळं पटत होतं. पण आपल्या मराठी मंडळात कळलं तर? तिथे निम्मे लोक डॉक्टरच. पेशंटचं मन दुखलं तर समजून घेतील, आपल्यातल्याच एकाचं दुखलं म्हटल्यावर मात्र आवाज खाली जातील, ही मला धास्ती. मी सरळ सांगून टाकलं, पाठ धरलीय. मग काय विचारता! तेलाच्या बाटल्या आल्या, शेकायच्या पिशव्या आल्या, कुणाच्या तरी आतेभावाला हमखास लागू पडलेली आसनं आली. "अहो, किती दिवस चोळायचं मी या धडधाकट पाठीला तेल?" बायको वैतागून म्हणायची. तरी चोळायची. घरी कुणी टपकलं तर वास यायला नको का?

शेजारच्या घरात सत्तरीची एक निवृत्त नर्स राहायची. तिलाही मी पाठच सांगितली होती. एकदा कुंपणावरून ती म्हणाली, "बुधवारी सकाळी आम्ही पाचसहाजण चर्चशेजारच्या खोलीत नुसते बसतो. येतोस? खुर्च्या पाठीला बऱ्या आहेत." गेलो ते भक्तीने नव्हे, निव्वळ कुतूहलाने. नुसते बसतात म्हणजे नक्की करतात काय? देवाच्या दारात पोचल्याबरोबर सवयीने बूट काढले आणि फरशी अशी काही झोंबली की विचारू नका. सगळ्यांच्या पायांत बूट! पुन्हा घालायला जावं तर ओशाळवाणं वाटलं. गुडघे टेकायची एक भरतकामाची जाड उशी नर्सबाईंनी पायाने माझ्याकडे सरकवली. पुढे दर बुधवारी ती माझ्या खुर्चीपुढे आधीच ठेवलेली असे.

पद्धत साधी होती. बायबलमधल्या दोनचार ओळी कुणीतरी वाचायचं, मग अर्धा तास शांतता. श्वासाबरोबर एखादा शब्द मनात म्हणायचा. "तुझा तू निवड," असं मला सांगण्यात आलं. मी 'दया' घेतला. तो त्यांच्याकडेही होता, आपल्याकडेही. पहिले काही आठवडे मी चोरून स्वतःची नाडी मोजत बसलो. कमी होतेय का? होत होती की! पण ही माणसं बोलतात कुणाशी, आणि पलीकडून काही येतं का, हे कोडं नाडीने सुटेना. एक कारखान्यातला जुना कामगार तर सहज म्हणाला, "मी वर्षभर मेंटल हॉस्पिटलात होतो. गोळ्यांनी उभा केला, या खुर्चीने बसायला शिकवलं." फ्लू होऊन गेल्यासारखं सांगितलं त्याने. मला त्याचा हेवा वाटला.

खरी पंचाईत शेवटी व्हायची. प्रत्येकाने ज्याच्यासाठी प्रार्थना हवी ते बोलायचं, आणि नर्सबाई दर बुधवारी म्हणत, "आमच्या डॉक्टर मित्राच्या पाठीसाठी." सगळ्या माना लवायच्या. मी तेलाचा वास मारत, लाजेने अर्धा होऊन बसलेला. इकडे कामावर रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि गाडीचं ते दार आठवलं तरी तळवे भिजत होते. नोकरी राहते का जाते, हाच प्रश्न होता. वसंतातल्या एका बुधवारी तोंडून निघून गेलं, "माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मला वॉर्डात परत जायची भीती वाटते."

नर्सबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे, डिअर. बागेत चांगला वाकून गवत उपटायचास की. तू पाठ म्हणालास, म्हणून आम्हीही पाठ म्हणालो. नक्की कुठे दुखतंय ते देवाला कळत असणार." आणि त्या चक्क हसल्या. मी हसता हसता रडलो.

पुढच्या महिन्यात कारपार्कमध्ये आठदहा श्वास 'दया' म्हटलं आणि दार उघडलं. गोळ्यांमुळे, त्या शांततेमुळे, की खरं बोलून टाकल्यामुळे? पुष्कळ विचार केला, अजून करतो. मी काही ख्रिस्ती झालो नाही, आणि तसं मला कुणी सुचवलंही नाही. नर्सबाई गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली.

या बाटलीची गोष्ट नंतरची, नव्वदच्या दशकातली. मंडळाच्या दिवाळीला आमचा एक तरुण सर्जन आला नाही. "त्यांची पाठ धरलीय हो," त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं. मी बाटली खिशात घालून गेलो. तो सोफ्यावर बसला होता. जमिनीवर पडलेलं वर्तमानपत्र त्याने वाकून सहज उचललं आणि माझ्यासाठी जागा केली. मी शेजारी बसलो.

"तुमची पाठ तेव्हा कशाने बरी झाली हो?" त्याने विचारलं.

"माझी पाठ दुखतच नव्हती," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याला रडू फुटलं. बाटली माझ्या खिशातच राहिली.