भोंग्यावरचा साहेब

फायरमनची आठवण म्हटल्यावर तुमाला आगीचा लोळ दिसाय लागला असंल, तर सॉरी, साधी काडीबी पेटली न्हवती. परवा इंदापुरात सलूनमधी शेजारच्या काकांच्या केसांना कलप लावत होते, तो झोंबरा वास नाकात गेला आन् बारामती एमआयडीसीतली दुधाची फॅक्टरी आठवली. भर दुपारी तिथल्या कोल्ड स्टोरेजचा अमोनियाचा पाइप फुटला होता. आमी फायरवाले मास्क लावून पोचलो, तर सगळे कामगार मोटारसायकली काढाय स्टँडकडं पळत होते. आमचे तात्या टीमचे म्होरके, मूळचे धनगराघरचे. त्यांनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघितला. "गॅस गाड्यांकडंच चाललाय. वळव ही मंडळी." मी मास्कमधनंच वरडलो, पर कुणाला ऐकू जातंय. मग मास्क खाली वढला आन् आमच्या गाडीच्या भोंग्यावर फॅक्टरीच्या मोठ्या साहेबांचा, मागं मॉक ड्रिलला ऐकलेला घोगरा आवाज काढला, "गाडीला हात लावंल त्याचा गेटपास बंद. मागच्या गेटनं चला." अख्खी शिफ्ट वळली. तात्या मातूर उलटे त्या पांढऱ्या वाफेत शिरले, चाचपडत व्हॉल्व्ह बंद केला आन् मेंढरं कोंडून यावं तसे निवांत चालत भाईर आले. मी कुणाचीबी नक्कल करतो, पर ती चाल मला अजून जमली न्हाय. मला वाटलं, आता शाबासकी. तात्या म्हणाले, "आवाज झ्याक काढलास. पर मास्क कुणाला इचारून काढलास? तू आडवा झाला असतास तर मी आधी तुला उचलत बसलो असतो, मग व्हॉल्व्ह काय तुझ्या साहेबानं भोंग्यावरनं बंद केला असता?"